सत्तर वर्षांपूर्वीचा परग्रहवासी आणि आजची मुले

गेल्या मे महिन्यात बहीण मुलांना घेऊन माहेरी आली होती. घरात तीन मुले झाली. माझा सोळा वर्षांचा मुलगा, तेरा वर्षांची भाची आणि तिचा नऊ वर्षांचा धाकटा भाऊ. पहिले चार दिवस आंबे, फणस आणि समुद्र यांत गेले. पाचव्या दिवसापासून तिघेही आपापल्या फोनमध्ये शिरले. एकाच पडवीत बसून तिघे तीन वेगळ्या दुनियांत असत. एखादा मध्येच हसायचा, पण कशाला हसला हे बाकीच्यांना कळायचे नाही. माझी अम्मी एके संध्याकाळी म्हणाली, "घर भरलेलं आहे, पण घरात आवाज नाही."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. तरुणपणी विज्ञानकथांवरचे इंग्रजी सिनेमे मिळतील तिथून मिळवून पाहिले होते. मनात आले, हे सिनेमे या मुलांना दाखवून पाहावेत. सिनेमा म्हटले की आपल्या काही घरांत भुवया उंचावतात, आणि त्यामागची काळजी खरीच असते. पण मुले फोनवर एकेकटी काय पाहतात हे आपल्याला कळतही नाही. त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून, निवडून पाहिलेले बरे, असे मी अम्मीला म्हणालो. ती म्हणाली, "मीही बसेन. मला काही वावगं वाटलं तर बंद करायचा."

मुलाने लगेच तोंड वाकडे केले. "अब्बा, जुन्या सिनेमात सगळं खोटं खोटं दिसतं." मग आम्ही तीन अटी ठरवल्या. इशाच्या नमाजनंतर सिनेमा लावायचा आणि तोपर्यंत सगळ्यांचे फोन अम्मीच्या उशीखाली जमा करायचे. हसू आले तर मोकळेपणाने हसायचे. अर्ध्या तासात कंटाळा आला तर बिनधास्त सांगायचे, सिनेमा बंद होईल. तिसरी अट मी थोडी घाबरतच मान्य केली होती.

चंद्राच्या डोळ्यात तोफगोळा

सुरुवात केली सगळ्यांत जुन्यापासून. फ्रान्सचे जॉर्ज मेलिएस यांनी १९०२ साली केलेला 'अ ट्रिप टू द मून'. जेमतेम चौदा मिनिटांचा मूकपट. टोकदार टोप्या घातलेले विद्वान हातवारे करून भांडतात, मोठ्या तोफेतून गोळ्यासारखे यान उडवतात आणि ते थेट चंद्राच्या डोळ्यात जाऊन रुतते. धाकटा इतका हसला की अम्मीला त्याची पाठ चोळावी लागली. सिनेमा संपल्यावर त्याने तो पुन्हा लावायला सांगितला.

भाचीने विचारले, "मामू, हे खोटं दिसतंय हे त्यांनाही माहीत असणार ना?" माहीत होतेच. मेलिएस मूळचे जादूगार. रंगवलेले पडदे, लाकडी चाके, धूर आणि कॅमेरा मध्येच थांबवून केलेली हातचलाखी एवढ्यावर त्यांनी चंद्र उभा केला. प्रेक्षकाला फसवण्याचा त्यांचा इरादा नव्हता, त्याला खेळात ओढायचे होते. म्हणून एकशे वीस वर्षांनंतरही नऊ वर्षांचा मुलगा त्या खेळात सामील होतो.

डायनासोर म्हातारे का झाले नाहीत?

दुसऱ्या रात्री 'जुरासिक पार्क' लावला. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा हा १९९३ चा सिनेमा. हिंदी आवाजात तो आपल्याकडे आला तेव्हा मी तालुक्याच्या थिएटरात दाटीवाटीने बसून पाहिला होता. मुलाला तो जुना आहे यावर विश्वासच बसेना. "अब्बा, आत्ताच्या कितीतरी सिनेमांपेक्षा यातला डायनासोर खरा वाटतो."

कारण समजून घेण्यासारखे आहे. दोन तासांहून मोठ्या या सिनेमात डायनासोर पडद्यावर दिसतात ते सगळे मिळून सुमारे पंधरा मिनिटे. त्यांतही संगणकाने काढलेले डायनासोर थोडाच वेळ दिसतात. बाकीचे खरोखर बनवलेले यांत्रिक पुतळे आहेत. टी-रेक्सचा पुतळा पूर्ण आकाराचा होता. पावसाच्या प्रसंगात त्याच्या मऊ कातडीत पाणी मुरायचे आणि तो भलताच थरथरू लागायचा. मग तंत्रज्ञ टॉवेल घेऊन त्याला पुसत बसत. हे ऐकून धाकटा म्हणाला, "म्हणजे डायनासोरला टॉवेल?" पुढचे दोन दिवस आंघोळीनंतर तो स्वतः टी-रेक्स झाला होता.

डायनासोर येण्याआधी आपल्याला दिसते ती पेल्यातल्या पाण्यावर उठणारी वर्तुळे. बाकीची भीती आपणच मनात तयार करतो. आणि आपण मनात तयार केलेले चित्र जुने होत नाही.

याच्या उलट एक उदाहरण मी मुलांना सांगितले. स्पीलबर्ग यांच्याच १९८२ च्या 'ई.टी.' या सिनेमाची २००२ मध्ये नवी आवृत्ती निघाली. त्यात काही ठिकाणी ई.टी.चा चेहरा संगणकाने सुधारला होता आणि मुलांचा पाठलाग करणाऱ्या सरकारी माणसांच्या हातांतल्या बंदुका पुसून वॉकीटॉकी दाखवले होते. पुढे खुद्द स्पीलबर्ग यांनाच या बदलाचा पश्चात्ताप झाला आणि नंतर त्यांनी मूळ सिनेमाच पुन्हा प्रेक्षकांपुढे ठेवला. आजच्या मुलांना आवडावे म्हणून जे चिकटवले जाते, तेच बहुधा आधी सुटून पडते.

मच्छीमारांची नाव आणि राक्षस

तिसरा सिनेमा होता जपानचा 'गॉडझिला', १९५४ चा मूळ कृष्णधवल. दिग्दर्शक इशिरो होंडा. इथे मात्र मुलाचे भाकीत खरे ठरले. राक्षस म्हणजे रबरी पोशाखातला माणूस हे दोन मिनिटांत कळते. तो पोशाख सुमारे शंभर किलोचा होता, आतल्या कलाकाराला धड चालताही येत नसे. मुले हसली. मीही हसलो.

पण सुरुवातीलाच समुद्रात एक जहाज अचानक प्रकाशाच्या झोतात जळून बुडते आणि किनाऱ्यावर घरची माणसे बातमीची वाट पाहत गर्दी करतात. आमच्या गावातल्या निम्म्या घरांतले कोणी ना कोणी समुद्रावर जाते. अम्मी सरळ होऊन बसली. मी सिनेमा थांबवून मुलांना त्यामागची खरी घटना सांगितली. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर असलेल्या एका जपानी मासेमारी नावेवर त्याची पांढरी राख पडली. नावेवर तेवीस जण होते. सगळे आजारी पडले आणि त्यांच्यातला एक सप्टेंबरमध्ये मरण पावला. सिनेमा नोव्हेंबरमध्ये आला. हिरोशिमा-नागासाकीला तेव्हा नऊच वर्षे झाली होती, आणि युद्धावरून परतताना होंडा यांनी ते बेचिराख हिरोशिमा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

यानंतर मुले हसली नाहीत. राक्षस शहर पेटवत येतो तेव्हा एक आई भिंतीला टेकून आपल्या लेकरांना कवटाळते आणि सांगते की आपण लवकरच अब्बांकडे जाणार आहोत. अम्मीने डोळ्यांना पदर लावला. भाची म्हणाली, "हे तर मी मोबाईलवर रोज बघते. खरं." तिला आणखी काही सांगावे लागले नाही. उद्ध्वस्त शहरे, ढिगाऱ्याखालून काढलेली मुले या पिढीने बोटाने सरकवत पाहिली आहेत. मात्र त्याबद्दल घरात कोणाशी बोलली, असे त्या रात्री पहिल्यांदाच घडले.

सिनेमाच्या शेवटी सेरीझावा नावाचा शास्त्रज्ञ आपण शोधलेले भयंकर अस्त्र राक्षसावर वापरायला तयार होतो. पण त्याआधी तो आपले सगळे कागद जाळतो आणि अस्त्रासोबत स्वतःही समुद्रतळाशी राहतो, म्हणजे ती विद्या पुन्हा कोणाच्या हाती लागू नये. मुलाने विचारले, "अब्बा, त्याने कागद जाळले म्हणून काय झालं? दुसरा कोणीतरी शोधेलच ना?" वर्गात इतकी वर्षे शिकवतो आहे, पण यावर मला पटकन उत्तर सुचले नाही. आम्ही रात्री साडेबारापर्यंत त्यावर बोलत बसलो. रबरी पोशाखाचा विषय कोणी काढलाही नाही.

नाश्त्याच्या टेबलावरचा अनोळखी माणूस

चौथी रात्र मी विसरणार नाही. सिनेमा होता 'द डे द अर्थ स्टूड स्टिल', रॉबर्ट वाइज यांचा, १९५१ चा. दुसऱ्या ग्रहावरचा क्लाटू वॉशिंग्टनमध्ये उतरतो. शांततेसाठी आलो आहे असे सांगत तो भेटवस्तू पुढे करतो आणि घाबरलेला एक सैनिक त्याच्यावर गोळी झाडतो. पुढे तो इस्पितळातून निसटतो, साध्या कपड्यांत एका बोर्डिंग हाऊसमध्ये खोली घेतो आणि तिथल्या बॉबी नावाच्या मुलाशी त्याची दोस्ती होते.

हसण्यासारखे यातही पुष्कळ आहे. गॉर्ट नावाच्या यंत्रमानवाचा पोशाख वाकला की गुडघ्याशी सुरकुत्या पडतात, हे धाकट्याने लगेच पकडले. क्लाटू आपली ताकद दाखवण्यासाठी अर्धा तास जगभरची वीज बंद करतो आणि सगळीकडे हाहाकार उडतो, तेव्हा तर तिघेही लोळले. "अर्धा तास? आमच्याकडे तर रोज दुपारी जाते!"

मग नाश्त्याचा प्रसंग आला. बोर्डिंग हाऊसमधली मंडळी टेबलाभोवती बसून वर्तमानपत्र वाचत त्या पळालेल्या परक्याबद्दल बोलत असतात. एक बाई तर कोणाचेही नाव न घेता, तो कुठला असणार हे तुम्हाला कळतेच आहे, अशा सुरात बोलते. क्लाटू तिथेच बसलेला असतो. तो शांतपणे नाश्ता करत राहतो.

भाची म्हणाली, "मामू, जरा थांबवा."

मला वाटले तिला पाणी हवे असेल. ती म्हणाली, "आमच्या वर्गात पण असं झालं होतं." डब्याच्या सुट्टीत काही मुली कुठलीशी बातमी वाचून 'ते लोक' कसे असतात यावर बोलत होत्या. बोलता बोलता एकीचे तिच्याकडे लक्ष गेले आणि ती म्हणाली, "तू नाहीस गं, तू वेगळी आहेस." भाचीने मान हलवली आणि डबा खात राहिली. ही गोष्ट तीन महिने तिने कोणाला सांगितली नव्हती.

माझ्या बहिणीच्या हातातली सुपारीची डबी तशीच राहिली. तिने विचारले, "मला का नाही सांगितलंस?" भाची म्हणाली, "काय सांगू? कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही. सांगण्यासारखं काही झालंच नव्हतं." अम्मीने तिला जवळ ओढून डोक्यावर हात ठेवला. थोड्या वेळाने भाचीच म्हणाली, "दुसऱ्या दिवशी माझी एक मैत्रीण तिची जागा सोडून माझ्या शेजारी येऊन बसली. काही बोलली नाही. आता रोज तिथेच बसते." धाकटा लगेच म्हणाला, "म्हणजे ती बॉबी."

सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेत कम्युनिस्टांच्या नावाने शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाहत होता. तो प्रसंग त्या वातावरणातून आलेला आहे. आमच्या पडवीतल्या मुलीला त्या काळाचा इतिहास ठाऊक नव्हता. तरी तिच्याकडे तीन महिने जे शब्दांत येत नव्हते, ते त्या नाश्त्याच्या टेबलाने तिच्याकडून बोलून घेतले. जुना सिनेमा आज टिकतो का, या प्रश्नाचे याहून मोठे उत्तर मला तरी माहीत नाही.

मात्र मुलांनी क्लाटूचीही खैर केली नाही. शेवटी तो पृथ्वीवरच्या माणसांना बजावतो की तुमची भांडणे अंतराळात आणलीत तर आमचे यंत्रमानव तुमचा नाश करतील. माझा मुलगा म्हणाला, "ही तर धमकी झाली. शांततेसाठी सगळ्यांच्या डोक्यावर बंदूक ठेवायची?" हा सिनेमा मी तीनदा पाहिला होता. दर वेळी शेवटचे भाषण मला थोर वाटले होते. मुलाचे म्हणणे ऐकल्यावर पहिल्यांदा ते खटकले.

जे खरोखर जुने झाले

सगळेच टिकते असे नाही. १९६८ चा 'टू थाउजंड वन : अ स्पेस ओडिसी' पाहताना भाचीने विचारले, "यात बायका फक्त ट्रे घेऊन का फिरतात?" काही रशियन शास्त्रज्ञ स्त्रिया दोन-चार मिनिटे दिसतात हे खरे, पण गुरूकडे निघालेल्या यानात एकही स्त्री नाही. सोव्हिएत रशियाच्या व्हॅलेंटिना तेरेश्कोव्हा १९६३ मध्येच अंतराळात जाऊन आल्या होत्या. म्हणजे तीस वर्षांनंतरची अंतराळयाने कल्पिणाऱ्यांना पाच वर्षांपूर्वीची बातमी आठवली नाही. यान कसे फिरेल याची कल्पना करणे सोपे असते. घरातली, कचेरीतली माणसे कशी बदलतील, हे कल्पिणे अवघड असते.

दुसरी गोष्ट मुलाने शोधली. 'स्टार वॉर्स'मधला वाळवंटी ग्रह टॅटुइन. त्यातले नायकाचे जमिनीत खोदलेले घर त्याला खूप आवडले आणि तो माहिती काढत बसला. ते घर खरेच आहे. सिनेमा आला १९७७ मध्ये, त्याआधीच्या वर्षी वाळवंटातले चित्रीकरण ट्युनिशियात झाले. मतमाता गावातले बर्बर लोक उन्हापासून बचाव म्हणून पिढ्यान् पिढ्या जमीन खोदून अशी घरे करत आले आहेत. ग्रहाचे नावही तिथल्या ततावीन या गावावरून घेतलेले. मुलगा म्हणाला, "घर त्यांचं, वाळू त्यांची, डोक्यावरून घ्यायचे झगे त्यांचे. मग माणसं कुठे आहेत?" प्रश्न रागाचा नव्हता, हिशेबाचा होता. त्या काळच्या या सिनेमांत भविष्यकाळ बहुतेक एकाच रंगाच्या माणसांचा असतो.

तेव्हा मी त्यांना सत्यजित राय यांची गोष्ट सांगितली. राय यांनी १९६२ मध्ये 'बंकूबाबूर बंधू' ही कथा लिहिली. खेड्यातल्या एका साध्या, सगळ्यांच्या चेष्टेचा विषय झालेल्या शिक्षकाला परग्रहावरचा पाहुणा भेटतो. पुढे याच कल्पनेच्या आधारे त्यांनी 'द एलियन' नावाची पटकथा केली. त्यात यान उतरते ते बंगालमधल्या खेड्यातल्या तळ्यात. हॉलिवूडमध्ये त्याची बोलणीही झाली, पण सिनेमा काही निघाला नाही. "निघायला हवा होता," धाकटा म्हणाला. "तळ्यात उतरलं असतं तर आम्ही पण बघितलं असतं."

लाल डोळ्याचा हॅल

'टू थाउजंड वन' आम्ही दोन हप्त्यांत पाहिला, कारण पहिल्या रात्री अट लागू झाली. सुरुवातीची सुमारे पंचवीस मिनिटे त्यात एकही संवाद नाही, माकडमाणसे इकडून तिकडे फिरतात. धाकटा झोपला, मुलगा जांभया देऊ लागला आणि सिनेमा बंद झाला. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ज्या संथपणावर मी तरुणपणी फिदा होतो, त्यापुढे मुलांनी हात टेकले. दुसऱ्या रात्री मी तो भाग वगळून पुढे लावला आणि मग कोणी जागचे हलले नाही.

कारण होता हॅल. यान चालवणारा संगणक. एक लाल डोळा आणि अतिशय मृदू, अदबशीर आवाज. मुलगा चपापून म्हणाला, "हा तर माझ्या फोनमधल्या त्या ॲपसारखाच बोलतो." हॅल सांगतो की आमच्या जातीच्या संगणकाकडून कधी चूक झालेली नाही. मग तो यानाचा एक भाग बिघडल्याचे सांगतो आणि तो भाग चांगला निघतो. दोन्ही अंतराळवीर त्याला ऐकू जाऊ नये म्हणून एका छोट्या यानात बसून बोलतात, आणि हॅल काचेतून त्यांचे ओठ वाचतो. "तो बघतोय!" धाकटा किंचाळला. घरातले मांजर उडून पळाले.

पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीचा हा प्रसंग आज जास्त अंगावर येतो. माझ्या मुलाने दुसऱ्या दिवशी आपण होऊन कबूल केले की गृहपाठाची उत्तरे तो ॲपला विचारतो, आणि एकदा त्याने ठामपणे चुकीचे उत्तर दिले होते. "अब्बा, ते इतकं छान बोलतं ना, की तपासावंसं वाटत नाही." मी रागावलो नाही. हॅलने माझे काम केले होते.

हॅल असा का वागला याचे कारण आर्थर सी. क्लार्क यांनी याच नावाच्या कादंबरीत दिले आहे. त्याला खरे तेच सांगायला शिकवले होते, आणि त्याच वेळी मोहिमेचा खरा हेतू यानातल्या माणसांपासून लपवायला सांगितले होते. या दोन हुकमांच्या ओढाताणीत तो कोलमडला. अम्मीला हे समजावून सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "म्हणजे यंत्राला खोटं बोलायला माणसानेच लावलं."

या सिनेमातला आणखी एक छोटा प्रसंग सांगायचा राहिला. चंद्राकडे निघालेला एक शास्त्रज्ञ अंतराळस्थानकावरच्या फोनबूथमध्ये बसून पृथ्वीवरच्या आपल्या लहान मुलीशी बोलतो. पडद्यावर तिचा चेहरा दिसतो. दुसऱ्या दिवशी तिचा वाढदिवस असतो आणि तो येऊ शकत नाही हे सांगतो. बोलणे संपल्यावर फोनचे पैसे पडद्यावर उमटतात. मुले आधी हसली. चंद्रावर जाणाऱ्या माणसाच्या खिशात मोबाईल नाही आणि व्हिडिओ कॉलला पैसे पडतात म्हणून! मग भाचीचे हसणे थांबले. तिचे अब्बा आठ वर्षांपासून कुवेतला आहेत. दर वाढदिवसाला ती त्यांना असेच पडद्यावर पाहते. ती मुलगी खुर्चीत चुळबुळ करत इकडेतिकडे बघते, धड बोलत नाही, हे पाहून भाची हळूच म्हणाली, "मी पण अशीच करते. अब्बांना वाटतं मला बोलायचं नाही."

घरी दाखवायचे असतील तर

हे सिनेमे आपल्या मुलांबरोबर पाहायची इच्छा असलेल्या पालकांसाठी अनुभवाच्या चार गोष्टी.

लहान मुलांपासून सुरुवात करायची तर मेलिएसचा मूकपट आणि 'ई.टी.' चांगले. 'जुरासिक पार्क' दहा वर्षांखालच्या भित्र्या मुलांना रात्री दाखवू नये. 'गॉडझिला'चा १९५४ चा जपानी मूळ सिनेमाच शोधावा. दोन वर्षांनी अमेरिकेत निघालेल्या आवृत्तीत एका अमेरिकन पत्रकाराची भर घालून बॉम्बचा विषय बराच पातळ केलेला आहे. 'टू थाउजंड वन'ची सुरुवात वगळायला हरकत नाही, मुले मोठी झाली की आपण होऊन पाहतील. 'एलियन', 'ब्लेड रनर', 'टर्मिनेटर' हेही या प्रकारातले नावाजलेले सिनेमे आहेत, पण त्यांतली हिंसा आणि काही दृश्ये कुटुंबाने एकत्र पाहण्यासारखी नाहीत. कोणताही सिनेमा आधी आपण एकट्याने पाहून ठेवावा.

मुले हसली तर रागावू नये. हसून झाल्यावरच ती नीट पाहू लागतात. मध्ये थांबवून बोलायला कंटाळू नये. आमचा क्लाटूचा दीड तासाचा सिनेमा तीन तास चालला होता. आणि मुलांनी एखाद्या आवडत्या सिनेमाचे वाभाडे काढले तर आपणही ऐकून घ्यावे. माझे ऐकून झाले आहे.

सुट्टी संपायच्या दोन दिवस आधी बहिणीच्या घरधन्यांचा कुवेतहून फोन आला. नेहमी भाची चार वाक्ये बोलून फोन आईकडे देते. त्या दिवशी ती फोन घेऊन पडवीच्या कोपऱ्यात जाऊन बसली. एक शास्त्रज्ञ फोनबूथमध्ये बसतो इथपासून तिने सुरुवात केली. पाऊण तास झाला तरी ती बोलतच होती. मध्येच धाकट्याने जाऊन हॅलचा आवाज काढून दाखवला. अम्मी आतून म्हणाली, "जेवण गार होतंय," पण त्यांना उठवायला मात्र ती गेली नाही.